तोफ सेंट पॉलमध्ये आहे, मग तिचे जहाज कुठे गेले?

मिसिसिपीकाठी

नमस्कार. मी गेली सहा वर्षे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरात राहतो. या उन्हाळ्यात आई-वडील साताऱ्याहून आले होते. एका रविवारी आम्ही तिघे इथल्या राज्य विधिमंडळाच्या आवारात फिरायला गेलो असताना तिथे मांडून ठेवलेल्या एका जुन्या नौदल तोफेपाशी वडील थांबले. त्यांची सारी नोकरी सैन्यात गेली असल्यामुळे तोफ दिसली की तिच्याभोवती एक फेरी मारल्याशिवाय त्यांचे पाऊल पुढे पडत नाही. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरच्या तोंडाशी ‘वॉर्ड’ या विनाशिकेवरून जपानी पाणबुडीवर गोळा डागला गेला तो याच तोफेतून, आणि ती चालवणारे खलाशी सेंट पॉलचे होते, एवढे मी त्यांना वाचून सांगितले. सगळे ऐकून घेऊन त्यांनी विचारले, “तोफ इथे आहे, मग जहाज कुठे गेलं?”

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन शोधले तेव्हा गोंधळ वाढला. काही ठिकाणी या जहाजाचा उल्लेख ‘डीडी-१३९’ म्हणजे विनाशिका असा आहे, तर काही ठिकाणी ‘एपीडी-१६’ म्हणजे जलद सैन्यवाहू जहाज असा आहे. ही दोन जहाजे की एकच? एकच असेल, तर लढाऊ जहाजाला सैनिकांची ने-आण करण्याच्या कामाला का जुंपले? आणि हे जहाज पुढे त्याच्या जुन्या कप्तानाच्याच हुकमाने बुडवले गेले असे एका ठिकाणी वाचले, ते खरे आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. मी उत्तरे छापून वडिलांना पाठवणार आहे.

होकायंत्र

आपल्या वडिलांचा प्रश्न अगदी नेमका आहे. जहाज एकच आहे आणि एका डिसेंबरच्या सकाळी तेवढे त्याचे नाव झाल्यामुळे त्यापुढची तीन वर्षे फारशी कोणी वाचत नाही.

‘वॉर्ड’ कॅलिफोर्नियातील मेअर आयलंड या नौदल गोदीत बांधले गेले. १५ मे १९१८ रोजी त्याचा कणा घातला आणि १ जून रोजी, म्हणजे साडेसतरा दिवसांत, सांगाडा पाण्यात उतरवला. एरवी ज्या कामाला कित्येक महिने लागत ते पहिल्या महायुद्धाच्या घाईत आणि गोद्यांमधील चढाओढीत इतक्या झपाट्याने उरकले गेले. २४ जुलैला जहाज नौदलात दाखल झाले, पण नोव्हेंबरमध्ये युद्धच संपले. १९२१ मध्ये ते सेवेतून काढून बांधून ठेवले, ते जवळपास वीस वर्षे तसेच उभे होते. जानेवारी १९४१ मध्ये ते पुन्हा चालू केले गेले तेव्हा त्यावर जे खलाशी चढले त्यांत मोठा भरणा सेंट पॉलच्या राखीव नौसैनिकांचा होता. तोफ तुमच्या गावात आहे ती त्यामुळे. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरातील ही मुले होती, हे मला नेहमीच विशेष वाटत आले आहे.

७ डिसेंबरची हकीकत थोडक्यात सांगतो. त्या जहाजाचे नवे कप्तान लेफ्टनंट विल्यम आउटरब्रिज यांनी दोनच दिवसांपूर्वी सूत्रे हाती घेतली होती. पहाटे चारच्या सुमारास ‘काँडोर’ या सुरुंगशोधक बोटीने पेरिस्कोप दिसल्याचे कळवले. ‘वॉर्ड’ने शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. साडेसहानंतर ‘अँटारेस’ या रसदवाहू जहाजाच्या मागोमाग एक छोटी पाणबुडी बंदराकडे सरकताना दिसली. ६ वाजून ४५ मिनिटांनी पहिल्या क्रमांकाच्या तोफेचा गोळा हुकला आणि लगेच तिसऱ्या क्रमांकाच्या तोफेचा गोळा पाणबुडीच्या वरच्या बुरुजाच्या बुडाशी लागला. अंतर शंभर यार्डांच्या आतबाहेर होते. मागोमाग डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले गेले. ६ वाजून ५३ मिनिटांनी पाणबुडी बुडवल्याचा संदेश किनाऱ्यावर गेला, पण वरच्या कचेऱ्यांमध्ये त्याची खातरजमा करण्यातच वेळ गेला आणि तासाभरात जपानी विमाने येऊन थडकली.

पुढची साठ वर्षे अनेकांना शंका होती की ‘वॉर्ड’ने खरोखर काही बुडवले होते की नाही. ऑगस्ट २००२ मध्ये हवाई विद्यापीठाच्या समुद्रतळ संशोधन प्रयोगशाळेला ती पाणबुडी सापडली. तिच्या बुरुजाच्या बुडाशी उजव्या बाजूला चार इंची गोळ्याचे गोल भोक होते आणि दोन्ही पाणतीर (टॉर्पेडो) अजून नळ्यांतच होते. प्रशांत महासागरातील युद्धाचा पहिला गोळा कोणाचा, हा प्रश्न त्या भोकाने मिटवला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. १९४२ च्या अखेरीस ‘वॉर्ड’ वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमर्टनच्या गोदीत गेले आणि तिथून बाहेर पडले ते ‘एपीडी-१६’ होऊन. ‘एपी’ म्हणजे सैन्यवाहू जहाज आणि ‘डी’ म्हणजे ते विनाशिकेपासून बनवलेले आहे याची खूण. या बदलात चार इंची तोफा उतरवून त्यांच्या जागी विमानांवर मारा करता येईल अशा तीन इंची तोफा बसवल्या गेल्या. सेंट पॉलची तोफ जहाजाबरोबर बुडाली नाही त्याचे कारण एवढेच, की जहाज बुडाले तेव्हा ती त्यावर नव्हती. ती १९५८ मध्ये तिथे आणून बसवली.

बॉयलररूम

होकायंत्र यांनी इतिहास चांगला मांडला आहे. मी एकतीस वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत काढली असल्यामुळे गोदीत काय झाले असेल ते माझ्या बाजूने सांगतो. या प्रकारच्या जहाजांचे सारे मर्म तिथेच आहे असे मला वाटते.

‘वॉर्ड’ ज्या वर्गातील होते त्या विनाशिकांना चार धुराडी असत आणि खाली चार बॉयलर असत. लांबी ९५ मीटरच्या थोडी वर, रुंदी साडेनऊ मीटरच्या आसपास, आणि वेग सुमारे ३५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर. असे लांब, अरुंद, उथळ जहाज १९४० पर्यंत विनाशिका म्हणून मागे पडले होते. नव्या विनाशिकांपुढे त्याच्या तोफा तोकड्या होत्या आणि विमानांवर तर त्या उपयोगाच्याच नव्हत्या. पण सांगाडा धडधाकट होता. नौदलाने १९३८-३९ मध्ये ‘मॅनली’ या तशाच एका जहाजावर प्रयोग केला. पुढचे दोन बॉयलर काढून टाकायचे, त्यांच्या वरची दोन धुराडी काढायची, पाणतीर सोडण्याच्या नळ्या उतरवायच्या, आणि रिकाम्या झालेल्या बॉयलरखोल्यांमध्ये सैनिकांसाठी झोपण्याच्या फळ्या ठोकायच्या. नळ्यांच्या जागी दोन्ही बाजूंना डेव्हिट, म्हणजे बोटी वर-खाली करण्याचे आकडे, उभे करून त्यांवर सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या, प्रत्येकी सुमारे अकरा मीटर लांबीच्या चार उतरण-बोटी टांगायच्या. असे केले की शे-दीडशे सैनिक, म्हणजे जवळपास एक कंपनी, त्यांच्या शिध्यासामानासह नेता येते.

अर्धे बॉयलर काढले तर वेगही निम्मा व्हायला हवा, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. जहाजाला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे शेवटच्या काही नॉटांसाठीच निम्मी वाफ खर्ची पडत असते. त्यामुळे निम्म्या वाफेवर ३५ नॉटांचे जहाज हिशेबाने सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत जाते, आणि जुनी यंत्रे व वाढलेले ओझे धरून प्रत्यक्षात पंचविशीच्या आसपास चालते. त्या काळातले मामुली सैन्यवाहू जहाज पंधरा-सोळा नॉटांनी चालत असताना हा वेग भरपूर होता. संध्याकाळी निघायचे, रात्रीत पल्ला गाठायचा, उजाडता उजाडता सैनिक उतरवायचे आणि शत्रूची विमाने येण्याच्या आत मोकळे व्हायचे, हे काम त्यातून साधत असे. शिवाय जहाज उथळ असल्यामुळे ते बेटांच्या अगदी जवळ जाऊ शकत असे.

त्या खोलीत झोपणाऱ्या सैनिकांचा मात्र विचार करावा. खोली पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही, आणि मागच्या भिंतीपलीकडे उरलेले दोन बॉयलर धडधडत आहेत. विषुववृत्ताजवळून जाताना माझ्या जहाजांच्या इंजिनखोलीत पारा ४५ अंशांवर असे आणि हवा खेळवायला मोठाले पंखे असूनही अंगावरचा बॉयलरसूट पिळून घ्यावा लागे. तशा भिंतीला टेकून, चार-चार फळ्यांच्या उतरंडीवर, बंदूक उशाशी घेऊन रात्र काढायची आणि पहाटे दोरखंडाच्या जाळीवरून हेलकावणाऱ्या बोटीत उतरून सरळ गोळीबारात जायचे. हिरव्या रंगाच्या पट्ट्यांनी रंगवलेल्या या जहाजांना ‘हिरवे ड्रॅगन’ म्हणत असत, पण आतल्या माणसाला त्या नावाचे फारसे अप्रूप वाटत असेल असे मला वाटत नाही.

शिलेदार_कोल्हापूर

होकायंत्र यांच्या एका वाक्याला माझी हरकत आहे. ‘वॉर्ड’चा गोळा हा त्या युद्धातील अमेरिकेचा पहिला गोळा होता, हे मान्य. प्रशांत महासागरातील युद्धाचा पहिला म्हणणे घड्याळाच्या हिशेबात बसत नाही. हवाईतील वेळ तेव्हा ग्रीनिचच्या साडेदहा तास मागे होती, म्हणजे सकाळचे ६.४५ म्हणजे ग्रीनिचचे सायंकाळचे ५.१५. मलायाची वेळ ग्रीनिचच्या साडेसात तास पुढे, म्हणजे तिथे तेव्हा ८ डिसेंबरची मध्यरात्र उलटून पाऊण तास झाला होता. त्याआधी पाव तास, साडेबाराच्या सुमारास, कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरू लागले होते आणि तिथल्या खंदकांतून आणि मशीनगनच्या ठाण्यांवरून त्यांच्यावर गोळीबार करणारे सैनिक भारतीय होते, १७व्या डोग्रा रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचे. ही बटालियन आठव्या भारतीय ब्रिगेडमध्ये होती. त्या रात्री त्यांनी दिलेली झुंज आपल्याकडच्या पुस्तकांतही एखाद्या ओळीत आटोपते, म्हणून मुद्दाम लिहिले.

होकायंत्र

शिलेदार यांची दुरुस्ती योग्य आहे, मी ‘अमेरिकेचा पहिला गोळा’ असेच लिहायला हवे होते. पाव तासाचाच फरक आहे, पण तो आहे.

आता सैन्यवाहू जहाज म्हणून ‘वॉर्ड’ने काय केले ते लिहितो. बॉयलररूम यांनी सांगितलेल्या प्रयोगातून आधी सहा जहाजे तयार झाली होती: मॅनली, कोलहून, ग्रेगरी, लिटल, मॅककीन आणि स्ट्रिंगहॅम. ऑगस्ट-सप्टेंबर १९४२ मध्ये सॉलोमन बेटांतील ग्वाडलकनालच्या मोहिमेत एका आठवड्यात यांतली तीन बुडाली. ३० ऑगस्टला कोलहून विमानांनी बुडवले, तर ५ सप्टेंबरच्या रात्री ग्रेगरी आणि लिटल जपानी विनाशिकांच्या तोंडी सापडली. तीन इंची तोफांच्या जोरावर त्यांना खऱ्या विनाशिकांशी झुंजता येणे शक्यच नव्हते. असे असूनही नौदलाने ही कल्पना सोडली नाही, उलट एकूण ३२ जुन्या विनाशिका अशा बदलल्या आणि पुढे नव्या रक्षक-नौकांच्या सांगाड्यांवर नव्वदच्या वर जलद सैन्यवाहू जहाजे उभी केली. बेटामागून बेट घेत जाण्याच्या लढाईला या जहाजांचीच गरज होती.

‘वॉर्ड’ फेब्रुवारी १९४३ मध्ये दक्षिण प्रशांत महासागराकडे निघाले. एप्रिलमध्ये टुलागी बेटाजवळ जपानी विमानांचा मोठा हल्ला परतवण्यात त्याचा भाग होता. त्यानंतर जहाजांच्या तांड्यांबरोबर रक्षक म्हणून जाणे, पाणबुड्यांवर पाळत ठेवणे, रसद पोहोचवणे, जखमींना मागे आणणे, अशी कामे चालू राहिली. त्यांचे वर्णन करायला फारसे कोणी बसत नाही. नोव्हेंबर १९४३ मध्ये बोगनव्हिल बेटावरील केप तोरोकिना आणि डिसेंबरमध्ये केप ग्लॉस्टर येथे त्याने सैनिक उतरवले. १९४४ मध्ये तर त्याला उसंतच नव्हती: जानेवारीत सैदोर, फेब्रुवारीत निसान बेट, मार्चमध्ये एमिराऊ, एप्रिलमध्ये ऐतापे, मे महिन्यात बियाक, जुलैअखेर केप सान्सापोर, सप्टेंबरमध्ये मोरोताई. नकाशावर ही नावे जोडत गेले की सॉलोमन बेटांपासून न्यू गिनीच्या किनाऱ्याकिनाऱ्याने फिलिपिन्सच्या उंबरठ्यापर्यंत एक रेघ तयार होते. १७ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपिन्समधील लेटे बेटावरच्या मोठ्या स्वारीच्या आधी आखाताच्या तोंडावरील दिनागात बेटावर जी तुकडी उतरवली गेली, त्या कामातही ‘वॉर्ड’ होते.

या काळात काय पणाला लागलेले असे ते मॅककीनच्या शेवटावरून कळते. १७ नोव्हेंबर १९४३ रोजी मरीन सैनिकांना बोगनव्हिलकडे नेत असताना त्याला विमानातून सोडलेला पाणतीर लागला आणि ६४ खलाशी व ५२ सैनिक गेले. सैनिक उतरण्याच्या आधी जहाजाला फटका बसला तर काय होते, हे त्या ताफ्यातील प्रत्येक कप्तानाला ठाऊक होते.

लेटे बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑर्मोक हे बंदर आहे. जपानी सैन्य याच बंदरातून बेटावर कुमक आणत होते, आणि गंमत म्हणजे त्यासाठी तेही विनाशिका आणि आपली स्वतःची जलद सैन्यवाहू जहाजे वापरत होते. ती वाट बंद करण्यासाठी अमेरिकेची ७७वी पायदळ डिव्हिजन ऑर्मोकच्या दक्षिणेला थोड्या मैलांवर उतरवायचे ठरले. तारीख होती ७ डिसेंबर १९४४. ‘वॉर्ड’ने आपले सैनिक पहाटे उतरवले आणि मग ते पोन्सोन बेट व लेटे यांच्यामधल्या पाण्यात पाणबुड्यांवर पाळत ठेवायला गेले. दहाला काही मिनिटे कमी असताना जपानी विमानांची एक फळी आली. ‘महान’ या विनाशिकेवर काही विमाने आदळली, आणि एक बॉम्बफेकी विमान ‘वॉर्ड’च्या मध्यभागी पाण्याच्या पातळीच्या जरा वर घुसले. ते बॉयलरखोलीत आणि सैनिकांच्या रिकाम्या झालेल्या खोलीत शिरले. जहाज जागच्या जागी थांबले, आग आवरेना, आणि त्या वेळचे कप्तान रिचर्ड फारवेल यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला. खलाशांना शेजारच्या जहाजांनी उचलून घेतले.

जळते जहाज तसेच सोडून देता येत नाही. ते बुडवण्याचे काम जवळच्या ‘ओब्रायन’ या विनाशिकेकडे आले आणि तिने तोफा डागून ‘वॉर्ड’ला तळाला पाठवले. ‘ओब्रायन’चे कप्तान विल्यम आउटरब्रिज होते. म्हणजे तुम्ही वाचलेले खरे आहे. मधल्या काळात ते युरोपात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर आणि शेरबूरच्या माऱ्यात याच ‘ओब्रायन’वर होते आणि तिथून फिलिपिन्सला आले होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ज्या जहाजाची सूत्रे हाती घेतली ते, त्याच तारखेला, तीन वर्षांनी.

बॉयलररूम

होकायंत्र, तुम्ही सैनिकांची खोली रिकामी होती असे एका शब्दात लिहून गेलात, पण तिथेच थांबावेसे वाटते. विमान जिथे घुसले तिथे काही तासांपूर्वी माणसे फळ्यांवर दाटीवाटीने बसलेली होती. बॉयलर काढून केलेली ती जागा जहाजाच्या ऐन मध्यभागी, म्हणजे वैमानिक जिथे नेम धरतो तिथेच होती. अशा जहाजाचा बचाव त्याच्या पोलादात नव्हता, वेळ पाळण्यात होता. पहाटे उतरवायचे म्हणजे पहाटेच उतरवायचे. त्या दिवशी ‘वॉर्ड’ने वेळ पाळली होती.

मिसिसिपीकाठी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल सर्व उत्तरे वडिलांना फोनवर वाचून दाखवली. डोग्रांचा उल्लेख आल्यावर त्यांनी मला तो परिच्छेद दोनदा वाचायला लावला. त्यांच्या छावणीशेजारी काही वर्षे डोग्रा पलटण होती आणि कोटा भारूचे नाव त्यांनी तिथल्या जुन्या सुभेदारांकडून ऐकले होते, पण त्याची वेळ पर्ल हार्बरशी जोडून कोणी सांगितली नव्हती.

आज कामावरून येताना मी पुन्हा तोफेपाशी गेलो. मागच्या वेळी मी फक्त पाटी वाचली होती. या वेळी नेम धरणारा आणि नळी फिरवणारा जिथे बसत असे त्या जागा पाहिल्या, हाताने फिरवायची चाके पाहिली. शंभर यार्डांवर अर्धवट बुडालेली, हलती पाणबुडी या चाकांनी कशी पकडली असेल याचे नवल वाटले. ही तोफ जहाजावर नेमकी कुठे होती आणि जहाज आता कुठे आहे, एवढेच वडिलांनी विचारले आहे.

होकायंत्र

तुमच्याकडची तोफ म्हणजे तिसऱ्या क्रमांकाची. ती जहाजाच्या मधल्या भागात, भटारखान्याच्या छपरावर, उजव्या बाजूला होती. वडिलांना जहाजाचे जुने छायाचित्र दाखवलेत तर धुराडी मोजायला सांगा: चार दिसली तर तोफ तिथे आहे, दोनच दिसली तर ती उतरवलेली आहे.

जहाज ऑर्मोकच्या उपसागरात आहे. डिसेंबर २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या ‘पेट्रेल’ या शोधनौकेला ते २०० मीटरहून थोड्या अधिक खोलीवर सापडले.